देवालाही न सांगितलेलं दुखणं

मी जळकी आहे. हे मीच आपणहून सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला खपत नाही. शेजारणीच्या परसात भेंडी जास्त लागली तरी माझा जीव खालीवर होतो. पण जन्मात मी सगळ्यात जास्त जळले ती साडीवरून नाही, सोन्यावरून नाही, नवऱ्यावरून तर नाहीच नाही. सासूच्या दुखण्यावरून जळले. तिला काय झालंय हे तिने धाकट्या सुनेला सांगितलं आणि मला, थोरलीला, सांगितलं नाही. ऐकणाऱ्याला हसू येईल. येऊ दे.

आमचं घर गोव्यात, डिचोलीजवळ मुळगावला. माझं माहेर सरहद्दीपलीकडचं, बांद्याच्या बाजूचं. आमचे हे खाणीवर ट्रक चालवायचे आणि रोज संध्याकाळी गेरूत बुडवून काढल्यासारखे तांबडे होऊन घरी यायचे. धाकटे दीर पणजीला सरकारी नोकरीत, तिथेच दोन खोल्यांत बिऱ्हाड. त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, मडगावकडची, शिकलेली, बोलायला गोड. सासरे कधीच गेलेले. सासू माझ्याकडे असायची. तोंडावर मी तिला 'आई, तुम्ही' म्हणायचे आणि मनात 'ती'. इथे मनातलंच लिहिते आहे, म्हणून 'ती'च लिहीन.

तेव्हा गोव्यात कोंकणी का मराठी हा वाद पेटलेला होता. रस्त्यांवर झाडं आडवी पडायची, बसा बंद व्हायच्या, माणसं एकमेकांच्या घरी जायची बंद झाली होती. आमच्या घरात धाकटी कोंकणी बोले, मी मराठी, आणि सासू आरत्या मराठीत म्हणायची, भांडायची कोंकणीत. आणि भांडायची कुणाशी? माझ्याशी. दिवस उजाडला की सुरू. चूल अशी का पेटवलीस, खोबरं जाड का किसलंस, धुणं दारात का वाळत घातलंस, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. मीसुद्धा ऐकून घेणारी नव्हे. एकीला दोन सांगायचे. मग ती शेजारच्या बायकांना बोलावून सांगायची, "हिच्या तोंडात तीळ म्हणून भिजत नाही, बघा!" आणि थोड्या वेळाने हाक मारायची, "गो सुने, ये गो, चा घे." असं आमचं चालायचं. धाकटी सणावाराला आली की तिच्याशी मात्र सासू पाहुणीशी बोलावं तशी बोले. त्याचं मला बरं वाटायचं. कामं आम्ही करायची, भांडणंही आम्हीच करायची.

एका वर्षी गणपतीची चवथ झाली आणि सासू म्हणाली, पणजीला जाऊन येते. का, तर सहज. सहज म्हणून ती कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. बरेच दिवस राहिली. परत आली तेव्हा धाकटी सोडायला आली होती, आणि तिच्या हातात औषधांची पिशवी होती. माझ्या हातात न देता तिने ती सासूच्या खोलीत नेऊन ठेवली.

"डॉक्टर काय म्हणाला?" मी विचारलं.

"कांय ना गो," सासू म्हणाली. "पिराय जाली, आनी कितें?"

म्हातारपण! म्हातारपणाला कुणी पिशवीभर औषधं देतं का? मी धाकटीला विहिरीवर, आमच्या बावीवर गाठलं. ती पाय धूत होती. म्हटलं, "खरं सांग. काय झालंय त्यांना?"

तिने वर पाहिलंच नाही. "वयनी, आईन सांगूं नाका म्हळां. हांव कशें सांगूं?"

नको सांगू म्हणे! इतकी वर्षं मी सासूच्या केसांना तेल लावलं, तिच्या पायांना उटणं चोळलं, तापात रात्र काढली, आणि गुपित कुणाकडे? जी वर्षातून चार दिवस येते तिच्याकडे. राबायला थोरली, विश्वासाला धाकटी. वाह रे वाह! धाकटीची ती खाली घातलेली मान बघून मला वाटलं, ही मिजास आहे. बादली तशीच टाकून मी घरात आले आणि त्या दिवशी भांडी जरा जोरात आपटली.

हे बसले होते जेवायला. त्यांना म्हटलं, "तुमच्या आईला काहीतरी मोठं झालंय आणि आपल्याला सांगत नाहीत." ते म्हणाले, "बायकांचं काहीतरी असेल. औषध चालू आहे ना? मग झालं." पुरुषांचं बरं असतं. अंगावरची धूळ झटकावी तशी काळजीही झटकतात.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. घरात दुखणं आलं की देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं. घरातलं कुणीतरी नारळ, विडा घेऊन जातं. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा मानाचा माणूस तो नारळ देवीपुढे ठेवतो आणि मोठ्या आवाजात सगळं फोडून सांगतो: कुठलं घर, कोण माणूस, कसलं दुखणं, कधीपासून. मोघम बोललेलं देवी ऐकत नाही असं आमच्यात मानतात. आणि जमलेली माणसं त्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, म्हणजे सगळा गाव तुमच्यासाठी शब्द टाकतो. मला ही रीत तेव्हाही आवडायची, अजून आवडते. आपलं दुःख शंभर माणसांनी मिळून वर पोचवायचं, याच्याहून मोठा आधार कुठला?

हे खाणीवर होते, म्हणून नारळ घेऊन मी गेले. देवळात बरीच माणसं होती. पुढे पुरुष, मागे बायका, त्यांत आमच्या वाड्यावरच्या सगळ्या. गाऱ्हाणं घालणाऱ्याने नारळ हातात घेतला आणि विचारलं, "कोणाचें?"

"आमच्या आईंचं."

"दुखणें कसलें?"

मी उभी. मागे बायका कान टवकारून. घरची थोरली सून, सासूसाठी नारळ घेऊन आलेली, आणि दुखणं कसलं ते ठाऊक नाही! 'माहीत नाही' म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत वाड्यावर झालं असतं, की म्हातारी हिला विचारत नाही, सगळं धाकटीच्या हातात आहे. ते मला मरणाहून वाईट. उचलली जीभ लावली टाळ्याला. अलीकडे ती जेवायची कमी, एवढं मी पाहिलं होतं. म्हटलं, "पोटाचं."

"ह्या घरातल्या म्हातारेच्या पोटात जें कितें दुखणें आसा, तें तुज्या पांयांकडे घे, आनी तिका सुखी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं. घरी येताना मला अगदी हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मासेवाली दारात आली आणि पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, "पोट कशें आसा गे आतां?" सासू पायरीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मासेवाली गेल्यावर म्हणाली, "तूं देवळांत गेल्लें?"

"गेले. नको जायला?"

"पोटाचें सांगलें?"

"मग काय सांगायचं होतं? तुम्हीच सांगा." मला वाटलं, आता ही सापडली, आता बोलेल.

ती बराच वेळ पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "फाल्यां सावन म्हाका पेज कर."

हे काय होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. सासूच्या घशाखाली माशाशिवाय घास उतरत नसे. सोमवारीसुद्धा ती मंगळवारच्या बांगड्याची वाट पाहत जेवायची. आणि आता दोन्ही वेळ पेज आणि तोर, म्हणजे मिठातली कैरी. वाड्यावरची कुणी आली की सासू हळूच पोटावर हात ठेवायची. बायका म्हणायच्या, "ओवा खा गे," "हिंग लाव गे." ती मान हलवायची.

आणि मी? मला तर आनंदाचं भरतं आलं होतं. बघा, न सांगता ओळखलं की नाही! मी मऊ मऊ पेज करायचे, वरून तुपाचा थेंब टाकायचे, आणि आम्ही मासे खायचे ते मागच्या पडवीत बसून, तिच्यासमोर नको म्हणून. वास काय, जायचाच. धाकटी पुढच्या खेपेला आली तेव्हा मी मुद्दाम तिच्यासमोर म्हटलं, "आईंचं पोट आता जरा बरं आहे, नाही का हो?"

धाकटी दचकली. "तुमकां कोणें सांगलें?"

"देवीने," मी म्हटलं. तिचा चेहरा असा काही झाला की तिला हसायचंय का रडायचंय मला कळेना. मी म्हटलं, जळू दे. आता तिची पाळी.

मधल्या काळात सासू दर थोड्या दिवसांनी पणजीला जायची आणि धाकटीकडे राहून यायची. गोवा राज्य झालं ते दिवस. पणजीत रोषणाई होती, आणि इकडून तिकडून माणसं ती बघायला जात होती. मीही घरचे तांदूळ, नारळ, थोडी केळी बांधून न कळवता गेले. सासू तिकडेच होती. जिना चढतानाच तळणीचा वास आला. दार उघडंच होतं.

आत सासू खुर्चीवर बसून जेवत होती. ताटात भात, सुंगटांचं हुमण, म्हणजे कोलंबीची आमटी, आणि तळलेल्या इसवणाची, सुरमईची, भली मोठी तुकडी. धाकटी, पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले, बाजूला उभी राहून पदराने वारा घालत होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अगो, पोटाच्या माणसाला इसवण? मारायचंय का त्यांना? मी तिकडे पेज रटरटवते आहे आणि तू इकडे तळून घालतेस?" आणखीही बरंच बोलले. शेजारच्या दारातून माणसं डोकावली. धाकटी रडायला लागली. आणि सासू? सासू खाली मान घालून जेवत राहिली. इसवणाचा काटा तिने नीट बाजूला काढून ठेवला.

त्याच पावली मी औषधांच्या पिशवीवर नाव होतं त्या इस्पितळात गेले. म्हटलं, डॉक्टरलाच सांगते, या पोरीने म्हातारीचा काय खेळ मांडलाय ते. डॉक्टरीण होती, मडगावच्या बाजूची, सासष्टीकडची, केस पांढरे, चष्मा नाकावर. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तूं तिची कोण?"

"थोरली सून."

"तिणें म्हाका एकेच सुनेक सांगूंक सांगलां. ती तूं न्हय."

"मी त्यांचं सगळं करते हो! खाणं, पिणं, कपडे. मला नाही सांगायचं तर कुणाला?"

"कर गो तूं सगळें. पूण दुयेंस तिचें. तिणें सांगल्यार हांव तुका सांगतलें. ना जाल्यार ना. तिचो घोव आसलो जाल्यार ताकाय हांवें सांगूंक नाशिल्लें."

नवऱ्यालासुद्धा नाही! असलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्यात माणूस आजारी पडला की आजार घराचा होतो. कुणाला खोकला लागला तरी चार घरं मिळून काढा ठरवतात. आणि ही म्हणते दुखणं तिचं एकटीचं, जसं काही ते कुलपातलं मंगळसूत्र आहे. मी म्हटलं, "निदान मासे चालतात की नाही एवढं तरी सांगा." ती म्हणाली, "तेंय तिकाच विचार," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दारावरचा शिपाई माझ्याकडे बघून हसला. त्याचं थोबाड मला अजून आठवतं.

परत आले तेव्हा धाकटी आत झोपली होती. सासू खाटेवर बसली होती. मला म्हणाली, "बस." मी बसले नाही.

"पोट बरें आसा म्हजें. कदींच दुखूंक ना."

"मग ती पेज?"

"तुवें गांवाक पोट सांगलें. मागीर हांवें बांगडे खाल्ल्यार लोक विचारतले, पोट न्हय तर कितें? म्हण पेज."

इतके दिवस ही बाई माझ्या एका शब्दासाठी पेज गिळत होती. मी पडवीत बसून बांगडे खाताना आत बसून वास घेत होती. माझी चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. सासू आजारी आणि सुनेने देवीकडे जायचं नाही तर जायचं कुठे? पण मला राग आला तो तिच्या हिमतीचा. एवढं पेलायची ताकद होती, पण मला सांगायची नव्हती.

"मग आता तरी सांगा, काय ते."

"तुका सांगल्यार तूं देवीक सांगतलें," ती म्हणाली. "आनी देवीक सांगप म्हणजे गांवाक. थंय दादले उबे रावतले. म्हज्या आंगाचें नांव घेवन सांगतले, आनी सगळे दादले म्हणटले, व्हय म्हाराजा." तिने पदर सारखा केला. "म्हाका तें नाका गो."

तिने असं काही कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तरीही मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी गेले होते."

"खबर आसा म्हाका."

"आणि धाकटी? ती नाही कुणाला सांगणार?"

"तिच्या तोंडांत तीळ भिजता," सासू म्हणाली.

बसमध्ये डिचोली येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि काही दिसत नव्हतं. म्हणजे प्रेम माझ्याकडे, भरवसा तिच्याकडे. कुठली सून हे सहन करील? पण एक झालं. पोट बरं आहे हे आता मला ठाऊक होतं, आणि गावात ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्धं का होईना, गुपित होतं. सासू घरी परतल्यावर मी पेजेच्या वाडग्याखाली केळीच्या पानाच्या तुकड्यात सुकटाची किसमूर, म्हणजे कोरडी कोशिंबीर, लपवून न्यायला लागले. सासू दार लोटून खायची आणि वर मलाच ओरडायची, "कितलें तिखट घालता गो! म्हाका मारूंक घातलां काय?" मी म्हणायचे, "हळू बोला, पोट दुखतंय ना तुमचं." मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. ते दिवस बरे होते. खरं सांगायचं तर तेच बरे होते.

धाकटी बाळंतपणाला मडगावला माहेरी गेली आणि नेमकं तेव्हाच सासूचं दुखणं उफाळून आलं. डॉक्टरणीने दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. मीही गेले. ती म्हणाली, मिरजेला न्यायला हवं. इकडचे सगळे कागद तिकडे द्यावे लागतील, आणि सगळं ठाऊक असलेलं एक माणूस जवळ राहायला हवं. मग सासूकडे वळून म्हणाली, धाकटी सून येऊ शकत नाही, तर आता तुम्हीच सांगा, कुणाला सांगू आणि कागद कुणाच्या हातात देऊ?

हे पुढे झाले. "मी थोरला मुलगा."

"पोरांक न्हय," सासू म्हणाली.

मी जनेलातून बाहेर बघत उभी राहिले. बाहेर इस्पितळाच्या आवारात कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. मी मनात म्हणत होते, नको, माझ्याकडे बघू नको, आणि त्याच दमात, बघ, बघ एकदा.

"हिका," सासू म्हणाली.

मी वळले तर तिचं बोट माझ्याकडे.

"पूण देवीक सांगचें न्हय. देवाकय न्हय. सोपूत घे."

मी शपथ घेतली. कुणाची घ्यायची ते पटकन सुचेना, म्हणून कुंकवाची घेतली, आणि ज्यांच्या नावाचं कुंकू ते समोरच उभे. ते एवढे दचकले की भिंतीला टेकले. डॉक्टरणीने कागद लिहिला, वाचून दाखवला, सासूचा अंगठा घेतला. मग दोन्ही मुलांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. सासू म्हणाली, "तूंच सांग तिका. म्हाका सांगूंक जायना." आणि तिने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीण काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्याला राग आला तर येवो. तो अंगठा माझ्या नावाचा होता, तुमच्या नाही. सासूला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. म्हणून काय तो अंगठा पुसला जातो?

बाहेर बाकावर हे बसले होते. मला बघून उठले. "काय झालंय आईला?"

"त्यांनी सांगा म्हटलं तर सांगीन."

"अगं, माझी आई आहे ती!"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. त्यांचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की इतके दिवस माझा चेहरा असाच दिसत असणार. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. आज माझ्याकडे काहीतरी होतं आणि दुसरं कुणीतरी जळत होतं.

मिरजेला मी तिच्याबरोबर राहिले. सगळं केलं, जे आधी धाकटी एकटी करत होती. परत आल्यावर मी देवळात गेले आणि नारळ ठेवून सांगितलं, पोट बरं झालं, देवी पावली. त्यात खोटं काहीच नव्हतं, पोट होतंच बरं. गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि सासूचे मासे सुरू झाले.

पण भांडण काही सुरू झालं नाही. आधी मला वाटलं, थकली असेल. मग दिवस गेले. मी चूल धुरकट पेटवली, तिने खोकून डोळे पुसले, बोलली नाही. मी धुणं दारात वाळत घातलं, ती त्याखालून वाकून गेली. मला 'गो सुने' म्हणायची ती 'बाय' म्हणायला लागली, पाहुणीला म्हणावं तसं. बाय, तुका त्रास. बाय, तूं जेवलें मगो? माझ्याकडे बघताना तिला आता ते सगळं दिसायचं जे मला ठाऊक होतं, आणि ती नजर खाली घालायची. जशी ती धाकटीसमोर जेवताना खाली घालायची तशीच.

आणि धाकटी बाळ घेऊन आली. मागच्या पडवीत तिने बाळाला न्हायला घेतलं आणि सासूचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, "अगो, अशें धरतात काय भुरग्याक? माथें कोण धरतलो, तुजो बापूय?" इतका चढा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. धाकटी हसत होती. सासूही हसली. मी विळीवर बसले होते, तशीच बसून राहिले.

नंतर बावीवर धाकटी मला म्हणाली, "वयनी, इतले दीस म्हाका सासू नाशिल्ली. फकत दुयेंत आशिल्ली. तुमी तें घेतलें आनी म्हाका सासू मेळ्ळी." तिला म्हणायचं होतं, इतके दिवस तिच्या वाट्याला सासू नाही, नुसती आजारी बाई आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माझे उपकार मानत होती. आणि मी, जळकी ती जळकीच, तिचं तोंड बघवेना म्हणून भरलेली कळशी पुन्हा बावीत ओतली.

दुसऱ्या दिवशी मी बांगड्यांचं हुमण केलं आणि मुद्दाम मूठभर मीठ जास्त घातलं. सासूला पहिल्यांदा वाढलं आणि समोर उभी राहिले. मनात म्हणत होते, ओरड. एकदा तरी ओरड. बोलाव शेजारणींना.

तिने पहिला घास घेतला. थांबली. मग दुसरा घेतला. सगळा भात तिने त्या हुमणाबरोबर संपवला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरें जालां गो बाय."